दातेरी टेबल

आबा, सगळ्यात आधी आली ती समोरची जयसिंगपूरवाली. पावणं तिच्या मागनं. बोळाच्या तोंडाला त्यांनी आमचं घर विचारलं आणि ही बया गॅसवर दूध तसंच ठेवून त्यांच्या पुढं पळत आली. दारातूनच ओरडली, "वैनी, तुमच्याकडं दोन माणसं याय लागल्यात. एक म्हातारं हाय, एक जाडजूड हाय, आणि जाडजूडाच्या हातात बाटली हाय!" मी म्हटलं, आमच्या घरात सकाळी दहा वाजता बाटली घेऊन कोण येणार गं बाई? ती काकवीची निघाली. पण तोवर हिचं शेजारच्या दोन दारांत सांगून झालं होतं. तिचं दूध मात्र उतू गेलं, आणि तेही माझ्याच नावावर लागलं. "तुमच्या पावण्यांपायी माझं दूध गेलं," असं ती आता सगळ्या मंगळवार पेठेत सांगत हिंडतीय.

ही दोन माणसं माझ्यासाठी आलीच नव्हती, आबा, तुमच्यासाठी आली होती. तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांनी माणसाकडं कोणी येतं का? पण जिवंतपणी तुमचं जे होतं तेच आत्ताही. न सांगता पावणं घरी आणायचं आणि आपण बाजूला व्हायचं, चहाचं आधण बाईनं ठेवायचं. म्हणून नातीची जुनी वही घेतली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसलेय. मला चौथीतनं तुम्ही काढलंत, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर ती तुमच्या माथी. नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी मोबाईलवर टाईप करते." म्हटलं नको. सगळ्याच गोष्टी नातीला सांगायच्या नसतात.

तर जाडजूड माणूस पेठ वडगावकडचा, गुऱ्हाळवाला. आणि म्हातारं म्हणजे तुमचा फौंड्रीतला चेला! मी कुठली ओळखतेय. तुमच्या हाताखाली होता तेव्हा कुरळ्या काळ्या केसांचा काटकुळा गडी होता. आता डोक्यावर पांढरी टोपी, डोळ्याला जाड भिंगं, आणि चालताना एक हात भिंतीला. "आक्का, मी मिस्त्री. वस्तादांच्या पॅटर्न शॉपमधला. तुमच्या लग्नात जिलबी वाढलीती की मी." आता पन्नास वर्षांपूर्वी जिलबी वाढलेला माणूस बाईनं कसा ओळखायचा? तरी म्हटलं, व्हय व्हय, बसा. गुऱ्हाळवाला बसला. मिस्त्री काही बसेना. तो सरळ स्वैपाकघराच्या दारात गेला, भिंतीला धरून गुडघ्यावर बसला आणि वाकला. मला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं. बघते तर तुमच्या टेबलाखाली डोकं घालून बघतोय! वर सून चपात्या लाटतीय आणि खाली हा परका माणूस. ती लाटणं घेऊन दोन पावलं मागं सरली. आणि टेबलाखालनं आवाज आला, "हाय! हाय! हेच हाय!"

हेच हाय म्हणे. आबा, त्या टेबलानं मला पन्नास वर्षं छळलंय. त्याला शोधत कोण येईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

परवाच नात विचारत होती, पणजोबा फौंड्रीत काय करायचे. तिला म्हटलं, लोखंडाचं चाक ओतायचं असलं की आधी तसंच्या तसं लाकडाचं करायचं. ते काळ्या वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं, आणि वाळूत जो ठसा राहील त्यात पातळ लोखंड ओतायचं. त्या लाकडाच्या चाकाला पॅटर्न म्हणायचं आणि तो करायचे तुझे पणजोबा. सागवानाचा, वर तांबडा रंग, हात फिरवला तर काचेसारखा. मग ते मशीन जुनं झालं, त्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, की तो पॅटर्न मागच्या अंगणात ढिगावर. भट्टी पेटवायला. आणि त्या ढिगावरनं उठून तो यायचा आमच्या घरात. "मग भारीच की, रिसायकलिंग," नात म्हणाली. म्हटलं, तुला भारी वाटतंय, कारण त्यात तुला राहावं लागलं नाही.

संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की आई कपाळाला हात लावायची, आठवतंय का? कॅरिअरवर कायतरी बांधलेलं असायचंच. मालकांना विचारून आणलंय, हे तुमचं पहिलं वाक्य, आईनं काही विचारायच्या आधी. पुलीचा पॅटर्न आला, तो पिठाच्या डब्यावर झाकण झाला. पोकळ दोन पेट्या आल्या, एकीत मीठ, एकीत चटणी. मशीन ज्या खोक्यांतनं यायची त्या खोक्यांच्या फळ्या आल्या, त्यांची मांडणी झाली, आणि तिच्यावर आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं. आमच्या घरी आलेल्या एका मास्तरणीनं ती वाचली आणि हसायला लागली. म्हणाली, तुमच्या भांड्यांवर लिहिलंय, ही बाजू वर ठेवा. भुशाची पोती वेगळीच. भुशाच्या शेगडीवर आंघोळीचं पाणी तापायचं आणि आमच्या केसांना लाकडाचा वास यायचा. शाळेत पोरी विचारायच्या, तुझं घर वखारीत हाय का गं?

आणि तुमची ती पट्टी! लोखंड थंड झालं की आक्रसतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात जरा लांब असते. फूट म्हणजे फूट आणि वर एक पिसभर. हे सगळं फौंड्रीत ठीक. पण तुम्ही तीच पट्टी खिशात घालून घरी आणायचा आणि घरची मापंही तिनंच घ्यायचा. मग काय व्हायचं? खिडकीची फळी खिडकीत बसायची नाही. कोनाड्यातलं फडताळ कोनाड्याबाहेर नाक काढून उभं. पाट पाटावर रचायला गेलं की वरचा डुलायचा. आई दाराला खांदा लावून उभी आहे, दार बसत नाही, आणि तुम्ही शांतपणे तिला समजावताय, "लोखंड आक्रसतंय गं, म्हणून वाईच मोठं धराय लागतंय." आई म्हणते, "मग दार आता वाळूत पुरून लोखंडाचं वतणार हाईसा का?" तुम्ही हसत रंधा शोधायला जाता. तासून तासून आमच्या घरातलं प्रत्येक दार एका अंगानं झिजलेलं होतं. मला अजून समोर दिसतं. तुम्ही तासताय, पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग, आणि आई ते पापुद्रे शेगडीला गोळा करतीय, तोंड चालूच.

पण तासायचा त्या खोक्यांच्या फळ्या. पॅटर्नला कधी हत्यार लावलं नाहीत. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. कळलं नाही ते तुमच्यामुळंच, कारण तुम्ही कधी तोंड उघडून सांगितलं नाहीत. एकदा सांगितलंत, पण ते हातानं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. भाकरी करत होते, चूल विझायला लागली, बाजूला एक गोल तांबडं लाकूड पडलेलं, मुठीएवढं. घातलं चुलीत. तुम्ही न्हाणीतनं बाहेर आलात, बघितलंत, आणि जळती चूल असताना हात घालून ते बाहेर काढलंत. बोटं भाजली. मला मारलं नाहीत. ते लाकूड धोतराच्या सोग्यानं पुसलंत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "हे सरपान न्हवं." एवढंच. आईनं बोटांना तेल लावलं आणि मला दोन धपाटे दिले, तुमच्या वाटचे. मी रडत रडत भाकरी थापली. रागही आला. ढिगावर टाकलेलं लाकूड, भट्टीत जायचंच होतं, मग आमच्या चुलीनं काय घोडं मारलं होतं?

आता टेबलाचं. माझं लग्न ठरलं. रुखवतात भांडी, लाडू, करंज्या, विणलेला मोर, आणि मधोमध तुमचं टेबल. अडीच फुटांचं गोल सागवानी चाक, खाली चार पाय, आणि सगळ्या कडेनं दात. उसाच्या चरकाचं चाक होतं ते. चरकाचं ते मॉडेल बंद झालं आणि चाक ढिगावर गेलं, हे तुम्ही मांडवात हळदीनं माखलेल्या माझ्या नवऱ्याला सांगत होता. त्याला काय कळणार, तो मान हलवत होता. माझ्या चुलतसासूनं मात्र ते बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या सुनंच्या रुखवतालाच दात हाईत. तोंडात किती असतील?" मांडव हसला. मी मुंडावळ्यांच्या आडनं तुमच्याकडं बघितलं. तुम्हीही हसत होता. आबा, मला तुमचा इतका राग आला होता की पाठवणीला रडू येईना, आणि बायका म्हणायला लागल्या, पोरीला माहेरची मायाच न्हाय.

पन्नास वर्षं मी त्या टेबलाभोवती फिरतेय. किती पदर फाटले याची गणती नाही. दाताच्या बेचक्यात पीठ जाऊन बसतं, ते काडीनं काढावं लागतं. दिवाळीला साफसफाई म्हणजे सगळे एकीकडं आणि त्या दातांत अडकलेलं पीठ एकीकडं. सासूबाई म्हणायच्या, चांगलं गुळगुळीत करून घे की. तुम्ही आलात की मी म्हणायची, आबा, एवढे दात तेवढे तासून द्या. तुम्ही चहा बशीत ओतायचा, फुंकायचा आणि म्हणायचा, "राहू देत. लागतील कवातरी." दात कवा लागणार? कुणाला लागणार? आम्ही काय चरक घालणार होतो घरात? पण तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला डोकं.

मग थोरला दोन वर्षांचा असताना धावत आला आणि कपाळ घेऊन दातावर पडला. रक्त बघून मी वेडी झाले. चार टाके पडले. आता तो अठ्ठेचाळीसचा आहे, डोक्यावर केस राहिले नाहीत, पण ती चंद्रकोर अजून आहे. त्याच दुपारी मी नवऱ्याची करवत काढली आणि ज्या दातावर तो पडला तो कापला. सागवान कापताना घामाघूम झाले. शेजारचाही कापला. सगळेच कापणार होते, पण हात थकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही नातवाला बघायला आलात. त्याला मांडीवर घेतलंत, कपाळाला फुंकर घातलीत, त्याच्या हातात चिक्की दिलीत. मग पाटावर बसलात, लोखंडी कपाटाला पाठ लावून. टेबल तेव्हा त्याच खोलीत, समोरच. तुमचा अंगठा त्या कापलेल्या जागी गेला. पुढं, मागं. परत पुढं.

"दोनच कापलंस?"

"करवत बोथट हुती," मी म्हटलं.

तुम्ही हसाल असं वाटलं. हसला नाहीत. "कापल्यालं कुटं हाईत?"

आणि मी, पोराचं रक्त अजून डोळ्यांपुढं होतं माझ्या, मी म्हटलं, "बंबात घातलं."

तुम्ही अंगठा तिथनं काढून घेतलात. मग म्हणालात, "बरं केलंस." उठलात, सायकल घेतलीत आणि गेलात. चहा तसाच. माझ्या घरात तुम्ही चहा टाकून गेल्याचा तो एकच दिवस.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आबा, आणि इकडं मिस्त्री टेबलाखालनं बाहेर यायला तयार नव्हता. शेवटी गुऱ्हाळवाल्यानं त्याला काखेत हात घालून उठवलं. मग त्यानं पिशवी उघडली, टेप काढला, सुनेला पोळपाट उचलायला लावला आणि चाक आडवं मोजलं. "बघा. धड माप येत न्हाय. तिसाच्या वर कायतरी." मग पिशवीत परत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढली. तुमची पट्टी. कडेला पितळ, एका टोकाला तुम्ही पाडलेली खाच. मी तुमच्या दहाव्यापासून ती शोधतेय! आईनं दिली म्हणे त्याला. मागायला आला होता, रडत होता, तिनं दिली, आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाही. तुमच्या घरात कुणी कुणाला काही सांगायचंच नाही अशी रीत होती का? मिस्त्रीनं ती पट्टी टेबलावर ठेवली, भिंगांतनं अगदी जवळ जाऊन बघितलं, आणि त्याचा आवाज फुटला. "तीस. बरोब्बर तीस. केसाचा फरक न्हाय. आक्का, ही पट्टी माझ्या पाठीत बसलीया. मी एकदा साध्या पट्टीनं पॅटर्न केलता, चाक वतल्यावर ल्हान झालं. वस्तादांनी एकच दिली. त्यानंतर जिंदगीत माप चुकलं न्हाय माझं."

मग गुऱ्हाळवाला बोलला. गडी बोलायला लागला की घर दणाणतं. त्याच्या बापानं घेतलेला चरक, अजून चालू, आणि ऐन हंगामात त्याचं चाक तडकलं. ऊस तोडून फडात पडलाय, चुलवाण थंड, गूळ शिजवणारे गुळवे हात बांधून बसलेत. ऊस वाळला की त्यात गुळाला काय राहत नाही. वेल्डिंग केलं, दोन फेऱ्यांत परत सुटलं. कॉम्प्युटरवर पॅटर्न करणारे पंधरा दिवस म्हणतात. "पंधरा दिवसांनी मी काय चिपाडं शिजवू का?" मग कुणीतरी त्याला मिस्त्रीचं घर दाखवलं, आणि मिस्त्री म्हणाला, ते चाक कुठं आहे ते मला माहीत आहे. त्या मांडवात जिलबी वाढताना बघितलंय मी.

"वस्तादांनी एकबी पॅटर्न फोडला न्हाय, आक्का," मिस्त्री म्हणाला. "ढिगावरनं न्यायचं, आणि ज्याच्या घरी टिकंल त्याच्या घरी ठिवायचं. माझ्या पलंगाच्या उशाला पुली हाय. तुमच्याकडं चाक. ह्ये पाय बघा. एक खिळा न्हाय. चार स्क्रू, त्येबी खालच्या अंगाला. पाय काढलं की परत पॅटर्न. वाळूत दाबायचा, उचलायचा, चाक वतायचं, आणि तुमचं टेबल तुम्हाला परत."

आबा, मी तिथंच खाली बसले. राग म्हणजे काय सांगू. मांडवात हसला होता, चहा फुंकत 'लागतील कवातरी' म्हणाला होता, आणि एकदा, फक्त एकदा, पोरी, हे चाक जप, हे परत कामाचं आहे, एवढं बोलायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? मी काय ते दात कापले असते? कदाचित कापले असते. पण निदान दुसरा तरी सोडला असता.

सून बघा कशी. तिचा चेहरा उजळला. "न्या की! सावकाश आणा. न्हाय आणलं तरी चालंल!"

आणि माझ्या तोंडातनं निघालं, "कोण न्या म्हणालं? टेबल माझं हाय."

"आई, दिवाळीत तुम्हीच भंगारवाल्याला हाक मारलीती की!" सगळ्यांसमोर! खरं आहे ते. मारली होती. तो पण नको म्हणाला, लाकूड घेत नाही म्हणून. जयसिंगपूरवाली दारात उभी राहून हसायला लागली. ती अजून गेलीच नव्हती, दूध उतू गेल्यावर आणि काय जायचं राहिलं होतं. गुऱ्हाळवाल्यानं काकवीची बाटली उचलून माझ्या जरा जवळ सरकवली. मला हसू यायला लागलं, आणि हसू आलं की माझा राग टिकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, बरं, न्या. पण परत आणताना पीठ भरायच्या जागा साफ करून आणा.

तोवर मिस्त्री दात मोजत होता. बोटानं, डोळे मिटून, एकेक. एका जागी बोट खाली गेलं. थांबलं. परत मोजलं. "शेचाळीस." त्यानं माझ्याकडं बघितलं. "अठ्ठेचाळीस पायजेत. दोन कुटं गेलं, आक्का?"

चपातीचा वास जळकट यायला लागला तरी सून तव्याकडं बघेना.

"नवं घडवाय येत न्हाईत का?" मी विचारलं.

मिस्त्रीनं दोन्ही हात पुढं केले. थरथरत होते, चहाची कपबशी धरता येईल की नाही असे. "डोळं गेलं, हात असं. दाताला एक गोलाई असती, ती वस्तादांच्या हाताची हाय. शेजारच्या दाताशी जुळली न्हाय तर चाक फिरताना दात खातंय. कापल्यालं तुकडं असतील तर चिकटवून देतो. चिकटवाय डोळं लागत न्हाईत. कुटं हाईत?"

आणि आबा, माझ्या तोंडातनं परत तेच आलं. पंचेचाळीस-शेचाळीस वर्षं जुनं, तोंडपाठ असल्यासारखं. "बंबात घातलं."

मिस्त्रीचा अंगठा त्या कापलेल्या जागी गेला. तुमच्यासारखाच. गुऱ्हाळवाल्यानं एवढा मोठा श्वास सोडला. चहा झाला, त्यांनी घेतला. जाताना मिस्त्री म्हणाला, टेबल सध्या इथंच राहू दे, बघतो कुणी दात घडून देतंय का, नाहीतर तसंच ओतू आणि लोखंडात कानस मारू, किती टिकेल ते टिकेल. बोळातनं गुऱ्हाळवाला त्याला धरून नेताना मी खिडकीतनं बघत होते. तुमचं माप असल्यासारखी ती खिडकीही नीट बसत नाही, म्हणून बाहेरचं सगळं ऐकू येतं. गुऱ्हाळवाला विचारत होता, टिकेल का ओ. मिस्त्री म्हणत होता, अल्ला जाने.

ते गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दुपारी थोरला कामावरनं जेवायला आला. मी म्हटलं, बाबा, जरा कपाट उचल. "कुठलं?" हेच, लोखंडी, माझ्या लग्नातलं. "आई, भरलेलं हाय ते." उचल म्हटलं ना. सुनेनं एका बाजूनं धरलं, त्यानं एका बाजूनं, आणि मी पदर खोचून जमिनीवर आडवी झाले, या वयात, आणि पुढच्या दोन पायांखालनं दोन तुकडे ओढून काढले. थोरला म्हणाला, "हे काय?" म्हटलं, तुझ्या कपाळाचं औषध. त्याला काय कळणार.

आमच्या त्या खोलीची फरशी पुढं उतरती आहे, कपाट डुगडुगायचं. दात कापल्यावर ते दोन तुकडे हातात होते. बंबापर्यंत गेले होते, झाकणही काढलं होतं. पण टाकवेना. चांगलं सागवान. तुमचीच लेक ना मी. घातले कपाटाखाली, बरोब्बर बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा ते तुमच्या पाठीमागंच होते, वीतभर अंतरावर. मी सांगणार होते. राग शांत झाला की सांगू, म्हटलं. पुढच्या खेपेला सांगू. मग तुम्ही अंथरूण धरलंत. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोराचं कपाळ भरलं का?" मी म्हटलं, भरलं. आणि सांगायला तोंड उघडलं तर काकी पेज घेऊन आली.

एका दाताला कपाटाच्या पायाचा गोल खळगा पडलाय. दुसरा अगदी तसाच आहे, करवतीच्या खुणांसकट. पुसले, तर तांबडा रंग वर आला. टेबलाच्या जागी धरून बघितले. गोलाई शेजारच्या दाताशी जुळते, आबा. खळग्यात मिस्त्री मेण भरेल, तुम्हीही तेच केलं असतं.

आता कपाट परत डुगडुगतंय, दार उघडलं की सगळ्या साड्या पुढं येतात. सून म्हणते, पुठ्ठा घालूया. म्हटलं थांब, माझं लिहून होऊ दे. ही पानं चौघडी केली की बरोब्बर तेवढी जाडी होते, मी बघितलं. दोन पायांना दोन घड्या. तशी ही चिठ्ठी तुमच्याकडं कुठून पोचायची होती? निदान कामाला तरी येईल.

बंबात नव्हते घातले, आबा. मिस्त्रींनाही अजून सांगितलं नाही. ते शुक्रवारी नमाज झाली की टेबल न्यायला येतो म्हणालेत.